तीन नंबरचं उत्तर

“डावीकडे नको, डावीकडे नको. जिन्याखाली दोघं दबा धरून बसलेत. नर्सबाई, तुम्ही मागंच थांबा, मी सांगेन तेव्हा या. ट्रकवाले, तुम्ही आता हळूच...”

आणि दादा एकदम गप्प झाला.

हेडबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. गेली नऊ वर्षं संध्याकाळी सात ते साडेआठ ह्या आरडाओरड्यातच त्यांचा स्वयंपाक होत असे. दादाचा आवाज थांबला की त्यांना कळायचं, कुणीतरी मेलं. म्हणजे खेळातलं कुणीतरी. मग अर्ध्या मिनिटात दादा म्हणायचा, “चला, पुन्हा,” आणि गाडी पुढं सुरू. त्या शुक्रवारी अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं, भाजी चिरून झाली, तरी “चला, पुन्हा” काही येईना.

“चिमणे,” बाहेरून हाक आली. “जरा ये गं इकडे. काय लिहिलंय बघ. मला नुसतं लाल दिसतंय.”

पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमणी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. हेडबाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वाचायची गरजच नव्हती. ते वाक्य त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी वाचलं.

“‘या खात्यावर कायमची बंदी घालण्यात आली आहे. कारण, खेळाच्या निष्पक्षतेस बाधा आणणाऱ्या साधनाचा वापर.’”

“म्हणजे?”

“म्हणजे तू लबाडी केलीस, असं म्हणतात ते.”

“मी?” दादा हसला. अगदी मनापासून हसला, दुसऱ्याच कुणाचा तरी निरोप चुकून आपल्या घरी आल्यासारखा. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. “हे त्यांनाही दिसलं असेल? नर्सबाईंना वगैरे?”

“दिसतं. सोबत खेळणाऱ्या सगळ्यांना कळवतात.”

दादानं कानावरचे हेडफोन घट्ट दाबले आणि माइक तोंडाजवळ ओढला. “हॅलो. नर्सबाई, ऐकताय का? मी काही केलेलं नाही हो. हॅलो.” खात्याबरोबर आवाजही तुटतो, हे हेडबाईंना ठाऊक होतं. पण त्याला ते सांगायला त्यांचं तोंड उघडेना, म्हणून तो बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिला.

आता ही दोघं कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका खेळासाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

दादा तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवत होता. जमिनीपासून दहा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालची सगळी पेट्यांची दुनिया नकाशासारखी पाहायची. पुढं मधुमेह डोळ्यांवर गेला. आतल्या पडद्यावर पाणी साचायला लागलं, काळं आणि करडं ह्यातला फरक पुसट झाला, आणि एके दिवशी साहेब लोकांनी त्याला खाली उतरवलं. त्याच वर्षी वहिनी गेली. वरून उतरलेला माणूस जमिनीवर काही रमेना. दिवसभर खिडकीशी बसायचा, चहा पुढ्यात थंड करायचा. कुणीतरी त्याला हा खेळ लावून दिला. पडकं शहर, पाच जणांची एक टोळी, समोर दुसरी टोळी. दादाची बोटं काही फार चपळ नव्हती, पण कोण कुठून येईल हे त्याला वरून पाहिल्यासारखं कळायचं. वर्षभरात त्याचे चार सोबती ठरून गेले. एक नर्स, एक ट्रक चालवणारा, एक शाळामास्तर आणि चौथा कोण ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. तो फक्त “ठीक” एवढंच म्हणायचा, म्हणून त्याचं नाव ठीकराव. नऊ वर्षांत ह्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. नर्सबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिली बातमी दादाला कळली. मास्तरांच्या आई गेल्या त्या संध्याकाळी पाचही जण त्या पडक्या शहरात एका भिंतीला टेकून नुसते बसून राहिले होते, आणि समोरची टोळी येऊन त्यांना मारून गेली तरी कुणी हललं नव्हतं. सगळे दादाला कप्तान म्हणायचे. घराबाहेर त्याला हाक मारणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

आणि हेडबाई. नाकासमोर चालणारी बाई. लग्न केलं नाही. टायपिंगच्या जोरावर वीस वर्षं एका छापखान्यात काढली. छापखाना बंद पडला, अकरा महिने घरी बसल्या, तेव्हा दादालाच खेळाच्या कोपऱ्यात जाहिरात दिसली की ह्या खेळाच्या मदत केंद्रात पत्रांना उत्तरं लिहायला माणसं हवीत. “चिमणे, तुझंच काम आहे हे.” त्या गेल्या. अर्जात एक प्रश्न होता, ‘आपल्या घरात हा खेळ कुणी खेळते का?’ हो म्हणणाऱ्यांना परत पाठवतायत, असं रांगेत पुढची बाई म्हणाली. अकरा महिने घरी बसलेल्या हेडबाईंनी ‘नाही’ लिहिलं. एवढ्यानं काय होतंय, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

तिथं सगळ्यांचं ऱ्हस्वदीर्घ सुधारून सुधारून त्यांचं नाव हेडबाई पडलं. लिहिणं नीट म्हणून बंदीविरुद्धची अपिलं त्यांच्याकडे आली, त्यातही पाच वर्षांहून जुन्या खात्यांची. अपिलाला उत्तरं तीनच. एक नंबर, आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला, निर्णय कायम. दोन नंबर, अधिक माहिती पाठवा. तीन नंबर, आमच्याच कर्मचाऱ्याकडून आपल्याला चुकीची माहिती गेली असल्यानं प्रकरण पुन्हा उघडत आहोत. तीन नंबर लावायचा तर त्या कर्मचाऱ्याचं नाव घालावं लागतं. सहा वर्षांत तीन नंबर दोनदा लागला होता, आणि ती दोन्ही माणसं आता तिथं नव्हती. बंदी नेमकी कशामुळे आली ते खेळाडूला सांगायचं नाही, हा तर पहिला नियम. चोराला तो कशानं सापडला ते आपणच का सांगायचं, असं साहेब म्हणायचे.

ह्या नोकरीबरोबर एक गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे विमा. दादाच्या डोळ्यांत दर दोन महिन्यांनी इंजेक्शन द्यावं लागे. बुबुळाच्या कडेला, उघड्या डोळ्यात. ते चुकलं की महिन्याभरात उरलंसुरलं दिसणंही जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याचा सगळा खर्च हेडबाईंच्या ऑफिसच्या विम्यातून व्हायचा.

तर पाच महिन्यांपूर्वी दादानं एक शोध लावला. पडद्यावर आणखी एक पडदा पसरणारी एक युक्ती होती, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. खेळाच्या चित्रावर ती एक थर चढवायची आणि त्यानं अंधारे कोपरे उजळायचे, कडा ठळक व्हायच्या. जिन्याखालचा माणूस माणूस म्हणून दिसायचा. ती युक्ती त्यानं उतरवून घेतली, पण लावली नाही. क्रेनवरची सवय. खालून इशाऱ्याचा हात वर आल्याशिवाय वरून पेटी हलवायची नाही, मग खाली कितीही आरडाओरडा होवो.

“तू विचारून सांग,” तो म्हणाला. “असलं काही लावलं तर बंदी येते का?”

चार दिवस तो थांबला. चार दिवस अंधारात ठेचकाळत खेळला आणि चार दिवस पहिला मेला. हेडबाईंनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणासाठी विचारताय, असा प्रश्न आला असता. त्यांनी ऑफिसातली उत्तरपुस्तिका काढली, कुठल्या पत्राला काय लिहायचं ते सांगणारी. तिथं चौदाव्या पानावर छापलेलंच होतं, ‘चित्रातील रंग, उजेड अथवा ठळकपणा बदलल्याबद्दल बंदी घातली जात नाही.’ छापलेल्यावर त्यांचा विश्वास. आयुष्य छापखान्यात गेलेलं. जेवताना त्यांनी ते वाक्य दादाला म्हणून दाखवलं.

“मग लावू?”

“लाव की.”

पाच महिने काही झालं नाही. दादा पुन्हा कप्तान झाला. गुरुवारी खेळात नवी सुधारणा आली आणि शुक्रवारी सात वीसला ते लाल वाक्य.

शनिवार, रविवार कसे गेले ते विचारू नका. दादा एकच प्रश्न घोळवत होता, “पण मी केलं काय?” आणि हेडबाई मूग गिळून बसल्या होत्या. सोमवारी ऑफिसात पोचल्या त्या थेट शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथं बसणारी पोरगी दोन लेकरांची आई होती, पण टायपिंगच्या वेगामुळे तिला सगळे बुलेट म्हणत. ती स्वतः हा खेळ खेळायची, अर्जात ‘नाही’ लिहूनच.

“बुलेट, एक सांग. एक अपील वाचत होते. त्या माणसानं नुसता उजेड वाढवला होता. तरी बंदी कशी आली असेल?”

“कशानं वाढवला?”

“एक थर असतो म्हणे. चित्रावर चढवतात.”

“मग येणारच, बाई.” बुलेटची बोटं थांबली नाहीत. “उजेडाबद्दल नाही येत बंदी. तो थर खेळाच्या आत शिरून बसतो ना, त्याबद्दल येते. आपला वॉचमन काय बघतो, तर आत कुणी परका शिरलाय का. शिरून त्यानं दिवा लावला का भिंतीपलीकडचं बघितलं, ते वॉचमनला कळत नाही. दोघं एकाच दारानं येतात.”

वॉचमन म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम. ऑफिसात त्याला सगळे वॉचमनच म्हणायचे.

“पण पाच महिने चाललं होतं त्याचं.”

“तोवर यादीत नसेल. गुरुवारी यादी बदलली. घड्याळ दाखवणारे, वेग दाखवणारे थर पण उडाले म्हणे काही. ज्यांच्या कंपन्यांनी आधी परवानगी काढलीय ते राहिले.”

“मग ज्याला कमी दिसतं त्यानं करायचं काय?”

“मॉनिटरची बटणं असतात की. त्यानं उजेड वाढवायचा. खेळातही एक सेटिंग आहे. ते कितीही करा, वॉचमनला पत्ता नाही. बाहेरचं बाहेर.” मग बुलेटनं मान वळवली. “कुणाचं अपील आहे?”

“असंच. एका म्हाताऱ्याचं.”

हेडबाई जागेवर येऊन बसल्या. चौदावं पान काढलं. वाक्य खरं होतं. उजेड वाढवल्याबद्दल बंदी घातली जात नाही, बरोबर. पण उजेड वाढवणारं कुठं बसतं, ह्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. छापखान्यात त्यांनी हजारो ओळी तपासल्या होत्या, अक्षर अन् अक्षर. अक्षरं बरोबर आहेत म्हणजे मजकूर बरोबर आहे, ही त्यांची जन्माची खोड. आणि आता त्यांना आठवलं. हेच वाक्य त्यांनी पत्रांतून किती जणांना लिहिलं होतं. ‘लावू का?’ म्हणून विचारणारे लोक. आधी विचारणारे, म्हणजे शहाणे, भिडस्त लोक. लबाडी करणारा कशाला विचारायला येतोय.

जेवणाच्या सुट्टीआधी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता, फक्त सतत घाईत.

“साहेब, चौदाव्या पानावरचं वाक्य बदलायला हवं.”

“खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, काहीही लावलं तरी चालतं. पुढं एवढंच घालायचं, की खेळाच्या आत शिरणारं साधन असेल तर बंदी येऊ शकते.”

साहेबांनी डबा उघडला, पुन्हा झाकण लावलं. “बाई, आज बदललं तर कालपर्यंत काय होतं, असं कुणी विचारेल. म्हणजे आपण चुकीचं सांगत होतो, असं होणार. मग सगळ्यांनाच तीन नंबर लावत बसायचा का?”

“लोक फसतायत, साहेब.”

“लोक नीट वाचत नाहीत.”

“मी नीटच वाचलं होतं.”

साहेबांनी मान वर केली. “तुम्ही?”

हेडबाईंनी घाईनं सावरून घेतलं. “म्हणजे नीट वाचलं तरी असंच वाटतं, असं म्हणतेय.”

“मी वर कळवतो,” साहेब म्हणाले. वर कळवलेल्या गोष्टी खाली येत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. मग ते जरा नरमले. “बाई, मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचं काम चोख आहे.”

त्या संध्याकाळी सात वाजता दादा बंद पडद्यासमोर बसला होता. हेडफोन गळ्यात, हात मांडीवर. हेडबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. थर, वॉचमन, गुरुवारची यादी, चौदावं पान. सांगताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

“माझ्यामुळे झालं, दादा. मी विचारायला हवं होतं. नुसतं वाचून दाखवलं.”

“वेडी आहेस का? छापलेलं होतं ते तू वाचलंस.” मग त्यानं मॉनिटरची कड चाचपली. “म्हणजे टीव्हीसारखं बटण फिरवलं असतं तरी भागलं असतं?”

“भागलं असतं बहुतेक.”

“बघ, काय एकेक.”

मग हेडबाईंनी त्याला तीन नंबरबद्दल सांगितलं. अपिलात लिही, की मी आधी विचारलं होतं आणि तुमच्याच माणसानं हो सांगितलं. तेवढं लिहिलं तर प्रकरण पुन्हा उघडतं. हे त्यांनी सांगितलं खरं, पण सांगताना आवाज असा बारीक झाला, की आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटली. दादाला डोळ्यांनी कमी दिसत असेल, कानांनी व्यवस्थित ऐकू यायचं.

“तीन नंबर लागला, की सांगणाऱ्याचं काय होतं?”

“नाव द्यावं लागतं. चौकशी होते.”

“हं. माझं इंजेक्शन कधीय गं?”

“पुढच्या सोमवारी.”

“हं,” दादा म्हणाला. “लिहितो मी अपील.”

“मी टाइप करून देते.”

“नको. तुझं शुद्ध असतं. लगेच ओळखतील.” आणि तो हसला. त्यानं पडद्यावरची अक्षरं लाडवाएवढी मोठी केली आणि एकेक बटण चाचपत लिहायला बसला. हेडबाई स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अपील पाठवून झालं होतं. काय लिहिलंस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते त्यांच्या टेबलावर आलं. येणारच होतं. नऊ वर्षांचं जुनं खातं दुसऱ्या कुणाकडे जाणार? नको म्हणावं, तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं, की सहा वर्षांपूर्वीचं ते ‘नाही’ उघडं पडलं असतं. हेडबाई पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

‘साहेबांस नमस्कार. मी क्रेनवर तीस वर्ष होतो. माझे डोळे अधू आहेत. काळोखातलं मला दिसत नाही. ते साधन लावून मला बाकीच्यांना दिसतं तेवढच दिसायच. भिंतीपलिकडच कधी काही दिसलं नाही, आणि दिसल असत तर मी ते काढून टाकल असत. अस साधन चालत नाही हे मला माहित नव्हतं. मी कोणालाही विचारल नाही. विचारायला हव होत, ती चूक माझी एकट्याची आहे. खातं परत नाही दिलत तरी हरकत नाही. माझ्याबरोबर चार जण खेळायचे. त्यांना फक्त एवढ कळवा, की कप्तानान लबाडी केली नाही.’

हेडबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक मजकूर शुद्धलेखनाकडे न बघता वाचला. ‘मी कोणालाही विचारल नाही.’ जन्मात खोटं न बोललेल्या माणसानं ते इतकं नीट बोलून ठेवलं होतं, की त्याला सुटायची एकच वाट होती ती त्यानं स्वतःच बुजवली होती. आणि त्या चौघांना निरोप कळवायचा, तर तशा उत्तराला नंबरच नव्हता. खेळाडूंचे निरोप पोचवणं हे मदत केंद्राचं काम नाही, हे सहाव्या पानावर होतं.

त्यांनी तीन नंबर उघडला.

चौकट आली. ‘चुकीची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव.’ त्यांनी आपलं नाव टाइप केलं, आडनावासकट, रेफ नीट देऊन. खाली दुसरी चौकट होती. ‘खेळाडूशी नाते असल्यास नमूद करावे.’ त्यांनी ‘भाऊ’ लिहिलं. आता एक बटण दाबायचं होतं.

बोट बटणावर होतं आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यातली ती खोली दिसायला लागली. दादा खुर्चीत मान मागं टाकून पडलेला असतो. डॉक्टर म्हणतात, वर बघा. सुई येते तेव्हा तो काही बोलत नाही, फक्त हेडबाईंचा हात असा आवळतो, की दुसऱ्या दिवशी टाइप करताना बोटं दुखतात. पुढच्या सोमवारी ती खोली आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा. खातं परत मिळालं आणि बघायला डोळेच राहिले नाहीत, तर कप्तान काय बघून सांगणार आहे, डावीकडे नको?

हा विचार खरा होता, आणि तो सोयीचाही होता. हेडबाईंना दोन्ही कळत होतं. त्या काही मूर्ख नव्हत्या.

“बाई, आज अपिलांचा आकडा कमी दिसतोय,” साहेब मागून जाता जाता म्हणाले. “तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

साहेब पुढं गेले. हेडबाईंनी ‘भाऊ’ खोडलं. मग आपलं नाव खोडलं, शेवटून एकेक अक्षर, सगळ्यात शेवटी पहिलं. तीन नंबर बंद केला, एक नंबर उघडला आणि पाठवला. यंत्रानं विचारलं, नक्की पाठवायचं? त्यांनी हो म्हटलं. कुणी म्हणेल, सख्ख्या भावाला असं कुणी करतं का? म्हणणाऱ्यानं त्या खुर्चीत बसून बघावं, एवढंच आपण म्हणू शकतो. दुपारभर त्यांनी आणखी एकतीस अपिलं निकालात काढली. बुलेटनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

घराचे तीन जिने त्या चढून आल्या. दार उघडलं तर दादा दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसला होता.

“आलं बरं का उत्तर,” तो म्हणाला. “सकाळीच वाजलं. पण करड्यावर पांढरं लिहितात मेले, काही लागत नाही. वाच बघू तू.”

त्यांनी पिशवी ठेवली. खुर्ची ओढली. पडद्यावर आपणच सकाळी पाठवलेलं पत्र होतं. दादा ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“‘प्रिय खेळाडू,’” हेडबाईंनी वाचायला सुरुवात केली, “‘आपला अर्ज आम्ही काळजीपूर्वक वाचला.’”

“वाचला म्हणतात?”

“हो.”

“काळजीपूर्वक?”

“हो.”

“बरं झालं. पुढं.”

“‘सर्व बाबींचा विचार करता आपल्या खात्यावरील बंदीचा निर्णय कायम ठेवण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम आहे. यापुढील पत्रांना उत्तर दिले जाणार नाही. आपण आमच्यासोबत घालवलेल्या वेळेबद्दल आभार.’”

दादानं मान हलवली. “चौघांना कळवण्याचं काही?”

“नाही.”

“ते नाहीच जमायचं त्यांना. मी आपलं लिहिलं.” त्यानं पुन्हा पडद्याकडे तोंड वळवलं. “संपलं?”

पत्र संपलं होतं. खाली सही नव्हती, नसतेच. हेडबाईंना पुढचं काही दिसत नव्हतं, पाणी आलं होतं डोळ्यांत, तरी त्या वाचण्याच्याच आवाजात म्हणाल्या, “एक ओळ आहे अजून.”

“वाच की मग.”

“‘तुम्ही विचारलं होतं. चार दिवस थांबून विचारलं होतं. ज्या बाईनं हो सांगितलं, चूक तिची आहे, आणि ते कबूल करायची तिची हिंमत झाली नाही.’”

खालून कुणाची तरी गाडी गेली. दादानं गळ्यातले हेडफोन काढले, त्यांची वायर बोटांवर गुंडाळली आणि ते टेबलाच्या कडेला ठेवले.

“एवढी ओळ काढायला सांग त्यांना,” तो म्हणाला. “उगाच त्या बिचारीची नोकरी जायची.”

मग त्यानं भूक लागल्याचं सांगितलं. हेडबाईंनी पानं मांडली. दादानं चाचपत पाण्याचा जग शोधला, तिचा पेला जवळ ओढला, आणि पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून काठाला बोट लावून आधी तिचा पेला भरला.